मायचा अंगठा

परदेशी शिकायला जायची तयारी कशी करावी यावर हल्ली शाळा-कॉलेजांत भाषणं होतात. निवृत्त शिक्षिका म्हणून मलाही एक-दोनदा बोलावणं आलं. मी गेले नाही. गेले असते तर भलतंच बोलून बसले असते आणि बोलावणाऱ्यांची पंचाईत झाली असती. कारण ती तयारी मी केलेली आहे. पुरी केलेली आहे, गरम कोट शिवून, दंडावर सुया टोचून घेऊन, काट्या-चमच्यानं वरणभात खाऊन. फक्त गेले नाही. चाळीस वर्षं होऊन गेली त्याला. लोक म्हणतात, वय झालं की माणूस निवतो. मी नाही निवले. काय करायचं ते करा.

आणीबाणी उठून एखादं वर्ष झालं असेल. मी सतरा वर्षांची, बारावीत. नागपुरात गोळीबार चौकाच्या मागच्या गल्लीत आमचं दोन खोल्यांचं घर होतं. पुढच्या खोलीत बाबांचा हातमाग. जमिनीत खड्डा, त्यात पाय सोडून बाबा बसायचे आणि सकाळपासून दिवेलागणीपर्यंत नऊवारी लुगडी विणायचे. मागच्या खोलीत चूल, आम्ही, आणि मायचा सूत गुंडाळायचा रहाट. गल्लीत सगळ्यांचंच असं होतं. त्यामुळे आपण गरीब आहोत वगैरे मला धरमपेठेत जाईपर्यंत कोणी सांगितलं नव्हतं.

धरमपेठेत शहरातल्या मोठ्या लोकांचं एक मंडळ होतं. डॉक्टर, वकील, संत्र्याचे व्यापारी. हे मंडळ दरवर्षी इथला एक विद्यार्थी वर्षभरासाठी परदेशातल्या एका कुटुंबात ठेवायचं आणि तिकडचा एक इथे आणायचं. जाण्या-येण्याचा खर्च मंडळाचा. त्या वर्षी देश होता डेन्मार्क. शाळेतल्या बाईंनी माझं नाव पाठवलं. मुलाखतीला पाच जण ओळीनं बसले होते. एकानं इंग्रजीत विचारलं, वडील काय करतात. मी म्हटलं, माग चालवतात. तो हसून म्हणाला, म्हणजे कापडाच्या धंद्यात आहेत. मी म्हटलं, नाही, खड्ड्यात आहेत. सगळे खो-खो हसले. मी विनोद केला नव्हता, पण त्यांना वाटलं पोरगी हजरजबाबी आहे. झाली निवड.

गल्लीत नुसती धमाल उडाली. जो भेटेल तो विचारायचा, "काहून वं, विमानात खिडकी भेटते का?" पलीकडची म्हातारी म्हणाली, "तिकडं भाजी-भाकर भेटते का नाही? नाहीतर येशीन वाळून काडी होऊन." बाबा मागावर बसल्या बसल्या हो म्हणाले. धोटा सुद्धा थांबवला नाही. त्यांना कोणी काही विचारलं की ते हो म्हणायचे, ही त्यांची जन्माची खोड.

अडलं ते मायपाशी. संमतीचे दोन छापील कागद होते, एक बापाच्या सहीचा, एक आईच्या. माय नाही म्हणाली नाही. हो पण म्हणाली नाही. ती आपली धोट्यात घालायच्या सुताच्या कांड्या भरत बसली. उजव्या हातानं रहाट फिरवायचा, डाव्या हाताच्या अंगठ्या-बोटाच्या चिमटीतून धागा सोडत राहायचं, की तो कांडीवर गुंडाळला जातो. वयाच्या सातव्या वर्षापासून ती हेच करत आली होती. मी कागद घेऊन समोर बसले की रहाटाची घरघर वाढायची. आठ दिवस हे चाललं. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. एका दुपारी मी ओरडलेच, "तुले समजते तरी का, माय, काय भेटून राहिलं मले?"

"समजते," ती म्हणाली. "म्हणूनच तं इचार करून राहिली. तिकडं ताप आला तुले, तं उशापाशी कोन बसन?"

"तिथं घर आहे ना. त्या घरात एक बाई आहे. तिची पोरगी आहे माझ्याच वयाची, ती इकडं येणार आहे."

मायनं रहाट थांबवला. "त्या बाईनं आपली पोरगी इकडं धाडाचं ठरवलं, तिनं केला असन का इचार?" त्यांची पोरगी येणार होती ती मंडळातल्या एका डॉक्टरांकडे उतरणार होती, आमच्याकडे जागा कुठे. पण मायला ते महत्त्वाचं वाटलं नाही. एक बाई तिकडे असाच कागद समोर घेऊन बसली असेल, हे तिच्या मनात बसलं. दुसऱ्या दिवशी तिनं सकाळी लवकर अंघोळ केली, देवापुढे दिवा लावला, धुवट लुगडं नेसली आणि पाट मांडून बसली. म्हणाली, "आन तुहा कागद. जाय तू. माहा हो आहे." मी शाईचं पॅड शेजाऱ्यांकडून आणलं होतं. तिनं डावा अंगठा पॅडवर टेकवला, मग कागदावर. असा जोर लावून, की नखाच्या कडा पांढऱ्या पडल्या. अंगठा म्हणजे डावाच, हे आमच्याकडे ठरलेलं. रेशनच्या कार्डावर, सोसायटीच्या वहीत, सगळीकडे निशाणी डाव्या हाताचा अंगठा. खाली मी तिचं नाव लिहिलं. ती कागदाकडे खूप वेळ बघत होती. हसत होती थोडी.

तो कागद घेऊन मी सायकलनं धरमपेठेत गेले. मंडळाच्या चिटणीसबाई मला फार आवडायच्या. पातळ परीटघडीचं, आवाज मऊ. त्या मला "बाळ" म्हणायच्या. त्यांनी कागद उजेडात धरला आणि म्हणाल्या, "अगं बाळ, हे काय? हा तर नुसता डाग आहे."

मी पाहिलं. खरंच डाग होता. रेघ म्हणून नाही, नुसता काळा ठिपका, आणि मधून एक आडवी चीर. धाग्यानं मायच्या अंगठ्याची कातडी घासून घासून गुळगुळीत केली होती. मला हे माहीत होतं आणि माहीत नव्हतं. रेशनवाला काय रेघा मोजत बसतो? लागली शाई की झालं.

"आणि तसंही," बाई म्हणाल्या, "अंगठा बरा दिसत नाही गं. हा कागद तिकडे जाणार. त्या लोकांना काय वाटेल? आई सही नाही का करत?"

मी म्हटलं, नाही करत.

त्यांनी खणातून तसाच कोरा छापील कागद काढला. टोपण काढून पेन माझ्यापुढे धरलं. "मग तूच लिही ना त्यांचं नाव. त्यांची हरकत नाहीये ना? झालं तर मग. घरोघरी चालतं असं."

मी लिहिलं. आज कबूल करते, हात थरथरला वगैरे काही नाही. उलट मी मजेत लिहिलं. शेवटच्या अक्षराला झोकदार शेपटी काढली. माझ्या आईची सही अशी असती तर किती छान, असं वाटलं. बाई म्हणाल्या, "वा, काय सुरेख!" आणि मी फुलले. मूर्ख कुठली! बाईंनी जुना कागद चार तुकडे करून टोपलीत टाकला. मी ते डोळ्यांनी पाहिलं आणि सायकल मारत घरी आले. घरी मायनं विचारलं, "पसंत पडला का माहा अंगठा?" मी म्हटलं, "हो, पडला."

मग दोन महिने तयारी. दर रविवारी चिटणीसबाईंकडे जायचं. काटा कोणत्या हातात, सुरी कोणत्या हातात. सूप पिताना आवाज नाही. "मले-तुले" अजिबात नाही, इंग्रजीत बोलणार असले तरी नाही, कारण म्हणे जिभेला वळण लागतं. कोणी घरचं विचारलं तर "माझे वडील पारंपरिक वस्त्रकलेत आहेत" असं इंग्रजी वाक्य मला पाठ करायला लावलं. मी ते केलं. कोट बर्डीच्या बाजारात शिवला, नागपूरच्या वैशाखात मापाला उभं राहून. बाबांनी तिकडच्या बाईसाठी भेट म्हणून नऊवारी विणायला घेतली, खास रेशमी काठाची. मी म्हटलं, बाबा, ती फ्रॉक घालत असेल. ते म्हणाले, "तं तू नेसवून दाखवजो ना तिले." मायनं त्याच्या कांड्या भरल्या. घरात इतकं हसणं मी आधी ऐकलं नव्हतं.

आणि मग तो निरोप आला. मी अठराच्या आतली, म्हणून पासपोर्टसाठी आई-बापानं कचेरीत दंडाधिकाऱ्यापुढे उभं राहून प्रतिज्ञापत्र करायचं. सोबत मंडळाचे संमतीचे कागद जोडायचे. दोन्हीकडे सह्या सारख्या हव्यात. चिटणीसबाई म्हणाल्या, "घाबरू नकोस बाळ. आजपासून गुरुवारपर्यंत तीन दिवस आहेत. आईकडून गिरवून घे. ती सही काय, दहा अक्षरं असतील."

तीन दिवसांत माझ्या मायनं माझी खोटी सही शिकायची. शेपटीसकट.

मला सांगावंच लागलं. मागच्या खोलीत तिच्यापुढे पाटी ठेवली आणि सांगितलं. तिला आधी कळेचना. "पण म्या तं अंगठा देल्ला होता."

"तो नाही चालला. उमटला नव्हता."

"मंग मले काहून नाही सांगतलं? म्या दुसऱ्यांदा देल्ला असता. दहा डाव देल्ला असता. कुठी हाय तो?"

"फाडला."

"कोनं?"

"बाईंनी."

"आन तू पाहून राहिली होती?"

मी तेच केलं जे चूक असलेली माणसं करतात, चढ्या आवाजात बोलायला लागले. तू शिकली असतीस तर ही वेळ आली असती का. दहा अक्षरं आहेत, दहा. तीन दिवसांत मूल शिकतं. माझं वर्ष घालवू नकोस. सगळं बोलले. सतरा वर्षांच्या पोरीच्या तोंडाला काही धरबंध नसतो. मायनं पाटी उचलून माझ्या हातात दिली.

"लिहायले शिकव म्हटलं असतं तं शिकली असती," ती म्हणाली. "खोटं लिहायले नाही शिकत मी. येतो कचेरीत. काय सांगाचं ते तथीच सांगतो."

तिच्यापुढे रडून पाहिलं. जेवण सोडून पाहिलं. बाबांना मध्ये घातलं, तर ते मायकडे बघून तिलाही हो म्हणाले. तीन दिवस मी तिच्याशी बोलले नाही आणि तीन दिवस तिनं पाटीला हात लावला नाही. बुधवारी मी चिटणीसबाईंना जाऊन सांगितलं, की माय ऐकत नाहीये. त्या म्हणाल्या, "मी येते ना उद्या, मी बघते." मला केवढा धीर आला! मला वाटलं, बाई सांगतील साहेबांना, माझ्याच सांगण्यावरून केलं पोरीनं, आणि मिटेल.

कचेरीत व्हरांड्यात गर्दी, अर्ज लिहिणाऱ्यांची टेबलं, आणि मायच्या कपाळावर घामाचे थेंब. ती आयुष्यात पहिल्यांदा कचेरीत आली होती. पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट घेतला होता. चिटणीसबाई मोटारीनं आल्या. साहेबांपुढे आम्ही उभे राहिलो. बाबांनी सही केली, त्यांना येत होती. मग साहेबांनी मंडळाचा कागद मायपुढे सरकवला. "ही तुमची सही?"

"नाही साहेब," माय म्हणाली. आवाज अगदी स्पष्ट. "माह्या पोरीनं केली. माहा अंगठा होता, तो फाडून टाकला."

साहेबांनी चष्म्यावरून चिटणीसबाईंकडे पाहिलं. आणि त्या बाईनं, त्या मऊ आवाजाच्या बाईनं, काय म्हणावं? "मला याची काहीच कल्पना नाही. मुलीनं कागद भरून आणला, आम्ही विश्वासानं घेतला."

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. "खोटं! तुमच्या टेबलावर केली मी! तुमच्या पेनानं केली!"

"ए मुली, आवाज खाली," साहेब म्हणाले. बाई माझ्याकडे अशा बघत होत्या की जणू मला ओळखतच नाहीत. पुन्हा एकदा मान हलवून म्हणाल्या, "कमाल आहे."

साहेब मायला म्हणाले, "बाई, तुमची स्वतःची संमती आहे का? मुलगी वर्षभर परदेशात राहील."

"आहे साहेब. पह्यल्यापासून आहे."

"मग इथे अंगठा द्या." शेजारी एक म्हातारा कारकून बसला होता. त्यानं पॅड पुढे केलं, मायनं सवयीनं डावा हात पुढे केला. कारकुनानं तो अंगठा बघितला, दोन बोटांनी जरा फिरवला आणि विचारलं, "कांड्या भरता का बाई?"

माय म्हणाली, हो.

"माही माय बी भरत होती. डावा नाही उमटत. उजवा द्या."

मायनं उजवा दिला. उमटला. सगळ्या रेघा, एकात एक वळलेल्या, एकूण एक. कागदावर असा लख्ख अंगठा की साहेबही बघत राहिले. बास. इतकंच होतं ते. दुसरा हात. त्या दिवशी धरमपेठेत बाईंनी एवढंच म्हटलं असतं, जा बाळ, आईला दुसरा अंगठा द्यायला सांग, तर अर्ध्या तासाची सायकल होती. त्यांचं सोडा. त्यांनी कांडी कधी हातात धरली नव्हती. मी तर त्या रहाटाशेजारी लहानाची मोठी झाले होते. माझ्या टाळक्यात का नाही आलं? हे लिहितानाही मला स्वतःच्या दोन मुस्काटात द्याव्याशा वाटतात.

प्रतिज्ञापत्र झालं. त्यावर शिक्का बसला. सरकारला माझ्या जाण्याबद्दल काही तक्रार नव्हती. तक्रार मंडळाला होती. पाचव्या दिवशी जाड कागदावर टाइप केलेलं पत्र आलं. पालकांची खोटी सही केल्याचं निदर्शनास आल्यानं निवड रद्द. देशाचं प्रतिनिधित्व करणाऱ्या विद्यार्थ्याकडून मंडळ प्रामाणिकपणाची अपेक्षा ठेवतं. खाली सही चिटणीसबाईंची. यादीतल्या दुसऱ्या मुलीला पाठवलं. ती गेली, वर्षभर राहिली, परत आली. तिचा काही दोष नव्हता, तरी मी तिचं तोंड बघितलं नाही.

पत्र मी मागच्या खोलीत उभ्यानं वाचलं आणि मायवर तुटून पडले. तिथे दुसरं होतं कोण? मी म्हटलं, झालं तुझं समाधान? एक शब्द खोटा बोलली असतीस तर काय आभाळ कोसळलं असतं? सगळ्या आया पोरांसाठी खोटं बोलतात. तुला पाठवायचंच नव्हतं मला. पहिल्यापासून नव्हतं. आठ दिवस तोंड शिवून बसली होतीस तेव्हाच मला कळलं होतं.

माय भिंतीला पाठ लावून बसली होती. मला वाटलं ती रडेल, नाहीतर माझी समजूत घालेल. पण ती संतापली. माझ्या मायला इतकं संतापलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही.

"पाठवाचं नव्हतं?" ती म्हणाली. "माहं लगन झालं तवा मले कोनी इचारलं नाही. शाळेत नाही धाडलं तवा इचारलं नाही. तुहे दोन भाऊ तापानं गेले, दवाखान्यात न्याचं का नाही, ते बी बाहेर माणसांनीच ठरवलं. जिंदगीत एका कागदानं मले इचारलं, बाई, तुह्या मनात काय हाय. म्या आठ दिवस इचार केला. आन हो म्हटलं. तो हो त्या बाईनं फाडला आन तू उभी राहून पाहिला. आन घरी येऊन मले सांगतलं, पसंत पडला."

माझ्या हातात पत्र तसंच होतं. मायनं तोंड फिरवलं, उजव्या हातानं रहाट ओढून घेतला आणि कांडी लावली.